रस्त्याच्या वरच्या थरासाठी दगड निवडताना: खडकाचे विरूपण कसे वाचावे

‘ग्रॅनाइट आहे, मग काळजी कशाला?’ खडी निवडताना हे वाक्य हमखास ऐकू येतं आणि घोटाळ्याची सुरुवातही तिथूनच होते. एकाच खाणीच्या दोन टोकांचा ग्रॅनाइट, खनिजं तीच, रंगही जवळपास तोच. तरी एका टोकाची खडी वर्षानुवर्षं जागची हलत नाही आणि दुसऱ्या टोकाची रोलरखालीच पिचते. खडकाचं नाव तो कशाचा बनलाय एवढंच सांगतं. बनल्यानंतर तो किती दाबला गेला, ओढला गेला, कुठे तडकला आणि त्या भेगा पुढे बुजल्या की उघड्या राहिल्या, हे नावात नसतं. या साऱ्याला मिळून विरूपण म्हणतात आणि खडी टिकेल की नाही याचा मोठा हिस्सा त्यावर ठरतो.

विरूपण म्हणजे दगड खराब, असा सरळ हिशेब मात्र करू नका. काही विरूपणाने दगड आधीपेक्षा चिवट होतो, काहींनी भुगा होतो, आणि काहींनी एका चाचणीत उत्तम तर दुसरीत नापास होतो. म्हणून आधी कोणतं विरूपण हे ओळखायचं आणि चाचण्यांकडे नंतर वळायचं.

तडकलेला की मळलेला?

जमिनीच्या वरच्या काही किलोमीटरांत खडक थंड आणि ठिसूळ असतो. तिथे ताण आला की तो फुटतो. दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या की विभंग तयार होतो. विभंगाच्या गाभ्यात दगडाचा चुरा आणि चिकणमातीसारखा लगदा असतो आणि दोन्ही बाजूंना भेगाळलेला पट्टा असतो. गाभ्यापासून दूर जाल तसतशा भेगा विरळ होतात.

खोलवर गोष्ट वेगळी. ग्रॅनाइटमधली मुख्य खनिजं दोन, क्वार्ट्झ आणि फेल्स्पार. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे क्वार्ट्झ न फुटता आकार बदलू लागतो. फेल्स्पारला त्यासाठी ४५० अंशांच्या आसपास किंवा जास्त तापमान लागतं. अशा परिस्थितीत खडक कणीक मळल्यासारखा मळला जातो. मोठे कण मोडून बारीक नवे कण उगवतात आणि एकमेकांत दातेरी कडांनी अडकतात. या प्रकारच्या बारीक कणांच्या, पट्टेदार खडकाला मायलोनाइट म्हणतात. हे नाव चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ साली स्कॉटलंडमधल्या मोइन थ्रस्ट पट्ट्यातल्या खडकाला दिलं. शब्दाच्या मुळाशी गिरणीचा अर्थ आहे, कारण खडक दळला गेलाय असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात तो मुख्यतः दळला जात नाही, वाहतो. नाव चुकीच्या समजातून पडलं, पण टिकलं.

या दोन तापमानांच्या मधल्या पट्ट्यात क्वार्ट्झ वाहत असतो आणि फेल्स्पार मात्र तडकत असतो. अशा खडकात मऊसर वळणाच्या क्वार्ट्झच्या पट्ट्यांमध्ये भेगाळलेले फेल्स्पारचे कण अडकलेले दिसतात. वरून दगड देखणा दिसतो, म्हणून इथेच फसगत होते.

आणखी एक गोष्ट विसरू नका. खडकाचं विरूपण एकदाच होतं असं नाही. खोलवर मळलेला खडक पुढे वर आला की त्याच जुन्या पट्ट्यात पुन्हा तडकू शकतो. म्हणून ‘मायलोनाइट आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. त्यावर नंतर ठिसूळ भेगांचा थर चढला आहे का, ते पाहा.

चाकाला दगडाकडून काय हवं असतं

वरच्या थरातल्या खडीवर चार प्रकारचा अत्याचार होतो. रोलरचा आणि चाकांचा मार बसतो, तेव्हा ती फुटू नये. धूळ-वाळूसकट चाक घासतं, तेव्हा ती झिजू नये. झिजताना तिचा पृष्ठभाग गुळगुळीत होऊ नये, नाहीतर पावसात गाडी घसरते. आणि पाणी, थंडी, ऊन यांच्या फेऱ्यांत तिने डांबर सोडू नये.

पहिल्या दोन अपेक्षा आणि तिसरी यांचं अनेकदा पटत नाही, आणि विरूपणाचा सगळा रस मला तरी याच भांडणात वाटतो. कण जितके बारीक आणि एकमेकांत गुंतलेले, तितकं भेगेला पुढे सरकणं अवघड. प्रत्येक कणाच्या कडेला तिला वळण घ्यावं लागतं आणि त्यात तिची ताकद खर्च होते. म्हणून मळून बारीक झालेला, दातेरी कडांचा खडक मार चांगला सोसतो. पण तोच खडक फार बारीक, एकजिनसी आणि घट्ट झाला तर चाकाखाली सगळीकडे सारखाच झिजतो आणि काचेसारखा होतो. उलट, ग्रेवॅकसारख्या वालुकामय खडकात कठीण कण थोड्या मऊ भरणीत बसलेले असतात. झिजताना कण निखळतो आणि खाली नवा खरखरीत पृष्ठभाग उघडा पडतो. हा खडक दाब आणि उष्णतेने जरासा घट्ट झाला तर सोन्याहून पिवळं. जास्त झाला तर कण एकमेकांना जोडले जातात, निखळणं थांबतं, आणि पाठोपाठ पत्र्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. क्वार्ट्झाइटमध्ये, म्हणजे जवळजवळ क्वार्ट्झच्याच कणांच्या खडकात, हेच टोकाला जातं. कण इतके एकजीव होतात की भेग कणांच्या कडेने न जाता आरपार जाते. खडी कठीण, पण तिला खरखरीतपणा राखता येत नाही.

पहिली पायरी: नकाशा आणि पायपीट

खाणीत हातोडा चालवण्याआधी भूवैज्ञानिक नकाशा पाहा. विभंगरेषा, खडक मळलेले पट्टे आणि थरांचा कल कुठल्या बाजूला आहे ते टिपून घ्या. नकाशावर विभंग दाखवलेला नाही म्हणजे तो नाहीच, असं नव्हे. सरळ रेषेत जाणारी घळ, ओढ्याचं अनैसर्गिक सरळ पात्र, एका ओळीतले झरे किंवा ओलसर जागा यांखाली भेगाळलेला खडक असण्याची शक्यता बरीच असते. पाणी नेहमी कच्ची वाटच शोधतं.

दुसरी पायरी: खाणीची भिंत वाचणे

भिंतीसमोर उभे राहा आणि तिचं साधं चित्र काढा. रंग, भेगांची दाटी, पट्ट्यांची दिशा जिथे बदलते तिथे रेघ मारा. अशा प्रत्येक तुकड्याला विभाग म्हणा आणि क्रमांक द्या. पुढचं सगळं काम या विभागांवर चालणार आहे, तेव्हा इथे एक तास जास्त गेला तरी हरकत नाही.

मग १० मीटरची टेप भिंतीला आडवी लावा आणि तिला छेदणाऱ्या भेगा मोजा. ३५ भेगा निघाल्या तर सरासरी अंतर सुमारे २९ सेंटिमीटर. हा आकडा पाहून बरेच जण दचकतात, पण खडीच्या दृष्टीने एवढ्या अंतरावरच्या भेगा फारशा वाईट नसतात. सुरुंगात आणि पहिल्या क्रशरमध्ये दगड त्याच भेगांवर सुटतो आणि त्या तिथेच संपतात. घात करतात त्या खडीच्या आकारापेक्षा कमी अंतरावरच्या बारीक भेगा. १० ते १४ मिलिमीटरच्या खडीत २-३ मिलिमीटरवर भेगा असतील, तर त्या क्रशर, रोलर सगळं पार करून रस्त्यापर्यंत पोचतात आणि चाकाखाली उघडतात. भेगांचं अंतर नेहमी खडीच्या मापाशी ताडून पाहायचं ते यासाठीच.

भेगेत काय भरलंय तेही पाहा. क्वार्ट्झ किंवा एपिडोट या कठीण खनिजांनी बुजलेली भेग बहुतेकदा शिवलेल्या जखमेसारखी धरून राहते. कॅल्साइटची, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाची, भरण मध्यम. क्लोराइट हे मऊ हिरवट खनिज, चिकणमाती किंवा गंजाचा थर असेल तर ती भेग उघडीच समजा. सरकून गुळगुळीत झालेले, रेघोट्या पडलेले पृष्ठभाग दिसले तर तुम्ही विभंगाच्या पट्ट्यात उभे आहात. आणि फेल्स्पार पांढुरका, निस्तेज, नखाने पिठासारखा सुटत असेल तर भेगांतून उतरलेल्या पाण्याने आपलं काम केलेलं आहे.

हातोड्याचा आवाजही ऐका. निरोगी दगड खणखणीत वाजतो, बारीक भेगांनी भरलेला दबका आवाज देतो. ही चाचणी नव्हे, पण कान सरावला की ती क्वचितच दगा देते.

तिसरी पायरी: हातातला नमुना

प्रत्येक विभागातून ताजे, मुठीपेक्षा मोठे तुकडे घ्या. वाऱ्यापाण्याने खाल्लेली साल नको. तुकडा वेगवेगळ्या तीन दिशांनी फोडा. तिन्हीकडून ओबडधोबड फुटला तर चांगलं. दर वेळी एकाच प्रतलावर चपट्या खापा निघत असतील तर खडकात पत्रण आहे, म्हणजे खनिजं एका दिशेने ओळीत झोपलेली आहेत. पाटीचा दगड आणि शिस्ट (अभ्रकी, पापुद्र्यांचा खडक) यांत ते उघड दिसतं, नाइस या जाड पट्ट्यांच्या खडकात कधी दिसतं, कधी लपतं.

पत्रणात घात करतो तो बहुधा अभ्रक. भिंगातून बघा: अभ्रकाचे पापुद्रे सुटे, विखुरलेले आहेत की एकाला एक जोडून सलग चादर झाली आहे? विखुरलेला अभ्रक बराच निभावून जातो. सलग चादर असेल तर अभ्रकाचं एकूण प्रमाण कमी असूनही दगड तिथूनच सुटेल.

आता एक बिनखर्चाची युक्ती. तुकडा पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि सुकताना पाहत राहा. पृष्ठभाग फिका पडतो, पण भेगांत पाणी अडकलेलं असल्यामुळे त्या काही वेळ गडद रेषांसारख्या उमटून राहतात. कोरड्या दगडात न दिसलेलं जाळं अचानक समोर येतं.

सोबत पोलादी चाकूही ठेवा. क्वार्ट्झ आणि फेल्स्पारवर त्याचा ओरखडा उठत नाही. कॅल्साइट, क्लोराइट, अभ्रक यांवर उठतो. जिथे ओरखडा सलग उठत जातो तो पट्टा चाकाखालीही तसाच झिजेल.

सोय असेल तर बिंदुभार चाचणी (दोन टोकदार शंकूंमध्ये तुकडा दाबून फोडण्याची) पत्रणाला काटकोनात आणि पत्रणाला समांतर, अशी दोन्ही दिशांनी करा. दोन उत्तरांचं गुणोत्तर १ च्या जवळ असेल तर दगड सर्व दिशांनी सारखा. गुणोत्तर २ च्या पुढे गेलं की मी वरच्या थराचा विचार बाजूला ठेवतो, निदान खडीचा आकार नीट राखता येईल याची खात्री पटेपर्यंत.

चौथी पायरी: पातळ छेद

संशयित विभागांचे पातळ छेद करून घ्या. ०.०३ मिलिमीटर जाडीच्या या चकतीतून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पूर्वेतिहास दिसतो. छेद पत्रणाला काटकोनात कापायला सांगा. समांतर कापला तर नेमकी हवी ती गोष्ट दिसत नाही, आणि ही चूक आश्चर्य वाटेल इतकी सर्रास होते. दगडात आधी रंगीत किंवा प्रकाशात चमकणारा इपॉक्सी राळेचा द्रव मुरवला तर भेगा ठळक होतात.

तज्ज्ञाकडून नुसतं खडकाचं नाव घेऊन परत येऊ नका. कणांचा आकार किती? कडा दातेरी की सरळ, फरसबंदीसारख्या? भेगा कणांच्या आत थांबतात, कडेने जातात की अनेक कण आरपार कापतात? त्या बुजल्यात की उघड्या आहेत? अभ्रक सलग आहे का? फेल्स्पारची चिकणमाती झाली आहे का? आरपार जाणाऱ्या उघड्या भेगा हे सर्वांत वाईट लक्षण. दातेरी कडांचे बारीक कण हे सर्वांत चांगलं.

रस्त्याचा वरचा थर डांबराऐवजी सिमेंट काँक्रीटचा असेल तर आणखी एक प्रश्न वाढतो. ताण सोसलेल्या क्वार्ट्झच्या आत अतिबारीक उपकण तयार होतात आणि त्यांच्या कडांवर सिमेंटमधल्या अल्कलींची प्रक्रिया होऊ शकते. मग काँक्रीट आतून फुगून तडकतं. म्हणजे मार सोसण्यात अव्वल ठरलेला मायलोनाइट इथे अंगाशी येऊ शकतो. ८० अंशांच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मॉर्टरच्या पट्ट्या १४ दिवस ठेवण्याची जलद चाचणी यासाठी वापरतात. प्रसरण ०.१० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा निर्धोक, ०.२० च्या वर गेलं तर धोक्याची शक्यता. पण विरूपित क्वार्ट्झचे खडक संथपणे प्रक्रिया करतात आणि जलद चाचणीतून कधीकधी निसटतात. अशा वेळी ३८ अंशांवर वर्षभर चालणारी काँक्रीटच्या ठोकळ्यांची चाचणीच खरी. कंटाळवाणी आहे, पण काँक्रीटचा रस्ता उखडण्यापेक्षा बरी.

पाचवी पायरी: चाचण्या, आणि त्या जोडीने वाचणे

नमुने विभागवार वेगळे ठेवा. सगळे एकत्र कालवून काढलेली सरासरी कुठल्याच ट्रकमधल्या खडीला लागू पडत नाही. आणि सगळे नमुने एकाच क्रशरवर, एकाच मांडणीत फोडा. चपटी खडी मुळातच जास्त फुटते. एक नमुना चपटा आणि दुसरा घनाकार असेल तर तुम्ही दगड नव्हे, क्रशर तपासत बसाल.

लॉस एंजेलिस चाचणीत खडी पोलादी गोळ्यांसह पिंपात ५०० फेरे फिरवतात आणि सुमारे १.६ ते १.७ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली गेलेला चुरा टक्क्यांत मोजतात. ही मुख्यतः माराची परीक्षा. मायक्रो-डेव्हल चाचणीत लहान गोळे आणि पाणी घालून १०० फेरे प्रतिमिनिट या वेगाने जवळपास २ तास घासतात. ही ओल्या झिजेची परीक्षा. दोन्ही आकडे शेजारी मांडले की विरूपणाचं चित्र उलगडतं. लॉस एंजेलिसचा आकडा वाईट आणि मायक्रो-डेव्हलचा चांगला असेल तर खनिजं कठीण आहेत, पण भेगा किंवा जाडे कण आहेत. उलट असेल तर दगड चिवट आहे, पण आत क्लोराइट, अभ्रक किंवा कुजलेला फेल्स्पार लपला आहे. दोन्ही वाईट आले तर तो बहुधा विभंगाच्या जवळचा, पाणी मुरलेला विभाग.

आघात चाचणीत सुमारे १४ किलोचा हातोडा ३८० मिलिमीटर उंचीवरून १५ वेळा पाडतात. ती कोरड्या आणि पाण्यात भिजवलेल्या, अशा दोन्ही नमुन्यांवर करा. भिजल्यावर आकडा बराच बिघडला तर भेगांत चिकणमाती आहे असं धरून चाला. पाणी शोषणाचा आकडाही तेच सांगतो. घट्ट खडक १ टक्क्याच्या आसपास किंवा खाली राहतो. २ च्या पुढे गेला की आत वाटा उघड्या आहेत.

घासून गुळगुळीत होण्याची परीक्षा वेगळी. तिच्यात खडी आधी जाड्या आणि मग बारीक एमरी पावडरने प्रत्येकी ३ तास फिरत्या चाकाखाली घासतात आणि लंबकाने घर्षण मोजतात. इथे मात्र वर सांगितलेलं भांडण आठवा: माराच्या चाचणीत पहिला आलेला विभाग इथे शेवटचा येऊ शकतो. असं झालं तर चाचणीला दोष देऊ नका.

चपटेपणा मोजताना नियम साधा आहे. ज्या कणाची जाडी त्याच्या सरासरी मापाच्या ०.६ पटीहून कमी तो चपटा आणि ज्याची लांबी १.८ पटीहून जास्त तो लांबट. पत्रणाच्या खडकात हा आकडा क्रशर बदलला की बदलतो, म्हणून तो अंतिम निकाल मानू नका.

सहावी पायरी: क्रशरकडून काम करून घेणे

बारीक भेगांचा दगड क्रशरमध्ये लवकर फुटतो आणि कमकुवत भाग आधी भुगा होतो. याचा फायदा घ्या. पहिल्या जबडा क्रशरच्या आधी आणि लगेच नंतर बारीक माल चाळून वेगळा काढा, तो वरच्या थराच्या खडीत मिसळू देऊ नका. उरतो तो तुलनेने निरोगी दगड. जितक्या टप्प्यांत फोडाल, तितकी ही निवड होत जाते.

पत्रणाच्या दगडाला जबडा क्रशर चपट्या खापा देतो. तिथे दर टप्प्यात माप थोडं थोडंच कमी करा, कोन क्रशर (शंकूच्या आकाराचा) तोंडापर्यंत भरलेला ठेवा म्हणजे दगड दगडावर घासून कोपरे तुटतात, आणि शेवटी उभ्या अक्षाचा आघाती क्रशर लावा. आकार चांगलाच सुधारतो. पण सलग अभ्रकाची चादर असलेल्या दगडाला घनाकार देऊनही ती चादर आतच राहते. आकार सुधारल्याने चाचणीचा आकडा सुधारेल, चाकाखालचा भरवसा तितका नाही.

सातवी पायरी: कोणता विभाग कुठे

दातेरी कडांचा, उघड्या भेगा नसलेला, घासूनही खरखरीत राहणारा विभाग वरच्या थराला. चिवट पण गुळगुळीत होणारा विभाग मधल्या थरांना द्या. तिथे चाक थेट लागत नाही. मध्यम भेगाळलेला, पण चिकणमाती नसलेला दगड पायाच्या थराला चालतो. विभंगाच्या गाभ्यातला लगदा आणि सुटा चुरा सरळ टाकून द्या, तो भरावातही पाणी धरून ठेवतो.

पत्रणावर सुटलेल्या गुळगुळीत, अभ्रकी पृष्ठभागावर डांबर नीट चिकटत नाही. तशी खडी वापरावीच लागली तर डांबर लावून पाण्यात ठेवण्याची चाचणी आधी करा. खडीच्या वजनाच्या १ ते २ टक्के विरलेला चुना मिसळल्याने अनेकदा फरक पडतो.

खाण पुढे सरकते तशी भिंत बदलते. गेल्या महिन्याचा निरोगी विभाग पुढच्या सुरुंगात संपतो आणि मागून विभंग निघतो. म्हणून रंग बदलला, हातोड्याचा आवाज बदलला किंवा क्रशरमध्ये अचानक भुगा वाढला की नमुने पुन्हा घ्या. प्रत्येक मंजूर विभागाचे दोन-चार तुकडे क्रमांक टाकून एका पेटीत ठेवून द्या. शंका आली की नवा दगड त्याच्या शेजारी ठेवा, दोन्ही भिजवा आणि सुकताना पाहा.